वाटीवरचा हात

कृष्णातनं माझी तीन बोटं भाजली त्याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा गारगोटीहून बदली होऊन कोल्हापुरातल्या शाळेत भूगोल शिकवायला आले होते. खोलीवर एकटीच असायचे. एका बुधवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीतल्या आण्णांच्या खानावळीत मटण ताट खायला गेले. पांढऱ्या रश्शाच्या दोन वाट्या झाल्या, पोट गच्च भरलं. तिसऱ्यांदा कृष्णात बादली घेऊन माझ्या टेबलाकडं येताना दिसला तसा मी वाटीवर डावा हात आडवा धरला. माणसानं थांबावं की नाही? त्यानं ते वगराळं, म्हणजे लांब दांड्याची खोलगट पळी, सरळ कलतं केलं, माझ्या बोटांच्या फटीतून रस्सा वाटीत सोडला आणि वर म्हणाला, "लाजू नगासा बाई, घरचंच समजा."

मी किंचाळले. अख्खी खानावळ माझ्याकडं बघायला लागली, आणि हा बाबा तोवर पुढच्या टेबलावर पोचलासुद्धा. बोटांना हळद लावून घरी गेले. पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं, आणि पुढच्या बुधवारी परत तिथंच जाऊन बसले. रस्साच तसा होता, त्याला मी काय करणार!

कृष्णात तिथं सत्तावीस वर्षं वाढपी आहे. बुटका, गोल चेहऱ्याचा, खांद्यावर कायम पंचा. त्याचे वडील गावच्या पंगतींत वाढायला असायचे. जत्रा असो, बारसं असो, बादली त्यांच्याच हातात. त्यांनी पोराला एकच विद्या दिली होती. पावण्यानं वाटीवर हात धरला की समजायचं, अजून एक वाटी बसते. खरं नको असलेला माणूस उठून जातो, हात धरणारा लाजत असतो, असं त्यांचं शास्त्र. ते शास्त्र कृष्णातनं गावाकडून आणलं आणि आण्णांच्या खानावळीत इमानानं चालवलं. रिकामी वाटी त्याला बघवत नसे. तुम्ही शेजाऱ्याशी बोलायला मान वळवली की डावीकडून आला, पाणी प्यायला तांब्या उचलला की उजवीकडून आला. पुण्याहून आलेली मंडळी म्हणायची, काय हो हा आग्रह! आण्णा गल्ल्यावर बसून मिशीत हसायचे.

आता हा रस्सा वाटीत पडायचा, एवढंच कृष्णातला ठाऊक. त्याचं पुढं काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

तानाबाई मागच्या मोरीत भांडी घासायची. नवरा-बायको सकाळी एकाच गाडीवरून यायचे, दारातून आत आले की तो पुढं आणि ती मागं. मधे एक लाकडी दार. पुढं तो वाढायचा, मागं ती ओतून टाकायची. एकाच ताटाची दोन टोकं दोघांनी धरलेली, आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांचं काम कुणी बघायचं नाही.

हात धुवायचा नळ मागं असल्यानं माझी तिची ओळख झाली. मी हात धुता धुता दोन शब्द बोलायचे, मग दोनाचे वीस झाले. तिच्या हातांकडं मात्र मला बघवायचं नाही. तांबड्या रश्शाचा कट बोटांच्या भेगांत जायचा आणि दिवसभर आग आग. पांढऱ्या रश्शातली चरबी तर गार पाण्यात भांड्याला मेणासारखी चिकटून बसते. ती काढायला काथ्या दाबून घासावं लागे, की भेगा आणखी उकलायच्या. डिसेंबर-जानेवारीत नळाचं पाणी हाताला चावायचं.

"माहेरी लई पाऊस बगा बाई, चंदगडला," ती एकदा म्हणाली. "पर न्हाणीतली चूल आई इझू द्यायची न्हाई. कवाबी जावा, ऊन पाणी हायच. हितं आलो आन् त्ये सुटलं." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो-गेलोच म्हणतात, ती तर अगदी सहज म्हणायची. एवढं बोलून ती परत काथ्या घेऊन ताटाला लागली. तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून सांगितलं होतं तिनं. मला मात्र राहवलं नाही. मी आण्णांना जाऊन सुनावलं, तुमच्याकडं इतकं मटण शिजतं आणि त्या बाईला बादलीभर गरम पाणी मिळू नये? आण्णा म्हणाले, "बाई, तीनशे ताटं घासायला पाणी तापवायचं म्हंजे रश्शाचा हंडा खाली उतरवाय लागंल." माणूस वाईट नाही, पण ज्याचे हात पाण्यात नाहीत त्याला पाण्याचं काय कळतं? मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

गरम पाणी आलं ते भलत्याच वाटेनं. खानावळीचं खरकटं पूर्वी शहराबाहेरचा एक वराहपालन करणारा माणूस पिंपातून न्यायचा. त्यानं तो धंदा बंद केला आणि पिंपं तुंबून राहिली. गल्लीतली माणसं नाक धरून भांडायला आली. मोठ्या हॉटेलांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा, असा नियमही कानावर आला होता. तेव्हा आण्णांनी वृषभला बोलावलं.

वृषभ नृसिंहवाडीजवळच्या जैन शेतकरी घरातला, तिशीचा, खरकट्यापासून गॅस करायच्या टाक्या बसवतो. मटणाच्या खानावळीत काम करायचं आणि तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही, अशी त्याची तऱ्हा. चहाला समोरच्या टपरीवर जायचा. मागच्या बोळात त्यानं उंच काळी टाकी उभी केली, त्यात शेण कालवून ओतलं आणि सगळ्यांना गोळा करून समजावलं.

"हिला टाकी म्हणू नका, पोट म्हणा," तो म्हणाला. "भात, भाकरी, भाजी, कांद्याची सालं चालतील. हाडं आणि लिंबाच्या साली नकोत. आणि तेल जपून. थोडा रस्सा पचवेल, रोज बादलीनं घातला तर पोट बिघडेल."

"ज्यानं जल्मात मटण खाल्लं न्हाई, त्येनं रश्शाचं सांगावं व्हय!" कृष्णात दारातून म्हणाला. सगळे हसले, वृषभही हसला. मी त्या दिवशी हजर होते, मीही हसले. आता आठवलं की वाटतं, हसायला नको होतं.

मग मागचं सगळं रूपच पालटलं. हाडांचं पिंप वेगळं. भाकरीचे कोरडे तुकडे आणि कोथिंबिरीच्या काड्या गल्लीतल्या म्हशीला. बाकीचं बारीक करून टाकीत. हे निवडायचं काम तानाबाईकडं आलं, म्हणजे कामात कामच वाढलं. पण पंधरा-वीस दिवसांनी मोरीशेजारच्या शेगडीवर निळी ज्योत लागली आणि तिच्यावर मोठं पातेलं चढलं.

पाणी तापलं तेव्हा तानाबाईनं भांडी घेतलीच नाहीत. दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात घालून नुसती बसून राहिली. मी नळापाशी उभी होते. "कसं वाटतंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "थांबा जरा." इतकंच. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर तिची भांडी निम्म्या वेळात व्हायला लागली. चरबी ऊन पाण्यात सुटून जायची, काथ्या दाबायला लागायचा नाही. भेगा भरत आल्या. भांडी घासता घासता ती कधी कधी गुणगुणायचीही. हे सुख सात आठवडे टिकलं.

एका गुरुवारी ज्योत पिवळी झाली, फडफडली आणि विझली. काडी लावली की क्षणभर पेटायची, परत विझायची. वृषभ आला, टाकीतलं पाणी काढून बघितलं, नाक वाकडं केलं. वरती तांबडा तवंग होता.

"तेल गेलंय. रस्सा," तो म्हणाला. "आठवडाभर काही घालू नका, नुसतं ताजं शेण घाला. सुधारेल. पण परत इतका रस्सा गेला तर परत हेच होणार. आणि गटारात ओतून चालणार नाही, तुंबेल."

"रस्सा ताटातनं येतोयच, त्येला काय करायचं?" आण्णा वैतागले. ते त्या टाकीला कंटाळले होते. महिनाअखेरपर्यंत बघू, तोवर नीट चालली नाही तर उचलून न्या आणि तिथं रश्शाच्या भट्टीचे सिलिंडर ठेवू, असं त्यांनी सांगून टाकलं. कृष्णातनं त्यावर मान डोलावली. त्याच्या लेखी सगळा दोष टाकीच्या नाजूक पोटाचा होता.

तानाबाई शेगडीपाशी गेली. पातेलं उतरवून पालथं घातलं आणि नळाच्या गार पाण्यात परत हात घातला. मीच सगळ्यांवर चडफडत घरी गेले.

रविवारी मी मुद्दाम उशिरा, गर्दी ओसरल्यावर जेवायला गेले. चार वाजत आले होते. कृष्णात खांद्यावरच्या पंचानं मान पुसत बाकड्यावर टेकला होता. तेवढ्यात लाकडी दार ढकलून तानाबाई पुढं आली. आठ-नऊ वर्षांत मी तिला पुढच्या दालनात कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातात बादली होती, कृष्णातची जुनी, दांडी वाकलेली. तिनं ती त्याच्या पुढ्यात ठेवली. बादली काठोकाठ भरली होती.

"हे काय?" कृष्णातनं विचारलं.

"रस्सा."

"त्ये दिसतंय की. कुठला?"

"तुमचाच. सकाळधरनं तुमच्या टेबलांवरनं परत आलेला. वाट्या ओतून ओतून साठवलाय."

मला वाटलं आता हा चिडणार. आण्णांनीही गल्ल्यावरून मान वर केली. पण कृष्णात बादलीत बघत बसला आणि त्याचा चेहरा पडत गेला. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "आज बिघडलाय काय? मीठ जास्त झालंय?"

त्याला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं की आपण वाढलेलं माणसं टाकून जातात. त्याला ते अपमानासारखं लागलं होतं. मला त्याची दया आली, बोटं भाजलेली असूनही.

"रस्सा चांगला हाय," तानाबाई म्हणाली. "हंड्यातला चाखून बगितला मी."

"मग ठेवला का लोकांनी?"

"पोट भरलं हुतं त्येंचं. हात धरलता की वाटीवर. तुमी हात बगितला, पर मानला न्हाईसा." तिनं बादलीकडं बोट केलं. "आन् त्यानंच चूल इझली माजी."

माझी चूल, असं म्हणाली ती. इतकी वर्षं ती तिथं राबली, पण त्या खानावळीतली एकही वस्तू तिनं कधी माझी म्हटली नव्हती. कृष्णातनं बादलीवरची नजर काढून तिच्याकडं बघितलं, मग खाली मान घातली. ती आली तशी आत निघून गेली. आण्णा खोकले आणि उगीचच वही उघडून बसले.

बुधवारी मी शाळा सुटल्या सुटल्या खानावळ गाठली. मला बघायचंच होतं. कृष्णात बादली घेऊन निघाला. पहिल्याच टेबलावर एका पोरगेल्या माणसानं वाटीवर हात धरला. कृष्णातचं वगराळं सवयीनं वर गेलं, कलायला लागलं, आणि मधेच अडकलं. दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. रश्शाचे दोन थेंब टेबलावर पडले. मग कृष्णातनं वगराळं परत बादलीत सोडलं आणि पुढं गेला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. सत्तावीस वर्षांचा हात एका दिवसात कसा ऐकेल? तासाभरात तो असा दहा-बारा वेळा अडखळला.

आणि खरी पंचाईत केली ती आकाराम वस्तादांनी. वस्ताद सत्तरीचे, पूर्वी तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे, दर बुधवारी कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. तांबड्याच्या दोन वाट्या झाल्या की ऐटीत वाटीवर हात धरायचा, तोंड भिंतीकडं फिरवायचं आणि कृष्णातनं जबरदस्तीनं वाढलेली तिसरी वाटी "नको म्हटलं तरी ऐकत न्हाई लेकाचा" म्हणत तोंडाला लावायची, असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशीही त्यांनी हात धरून तोंड फिरवलं. कृष्णात आला, हात बघितला आणि पुढं गेला. वस्तादांनी मान वळवून बघितलं तर वाटी रिकामी.

"किस्ना!" सगळ्यांनी माना वळवल्या. "म्हातारा झालो म्हणून वाढत न्हाईस व्हय रं?"

"हात हुता वस्ताद," कृष्णात कसाबसा म्हणाला.

"हात असतोयच की! कोण धरत न्हाई हात?"

मला वाटलं, संपलं. आता हा घाबरून बादली रिकामी करणार, आणि तानाबाईची शेगडी कायमची गेली. मी माझ्याही नकळत भाकरीचा तुकडा मुठीत दाबून धरला होता. कृष्णातनं आतल्या लाकडी दाराकडं एकदा बघितलं.

"आता हात खरा मानायचं ठरवलंय वस्ताद," तो म्हणाला. "हात असला की न्हाई वाढायचं. तुमी हात काढा, अख्खी बादली ओततो."

"म्हंजे मागून खायाचं व्हय, लगा?"

"घरात मागतासा का न्हाई? मग हितंबी घरचंच समजा."

वस्ताद त्याच्याकडं टक लावून बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते मोठ्यानं हसले. वाटीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "घाल. पर अर्धंच. खरं सांगायचं तर हल्ली पुरं जात न्हाई." ती अर्धी वाटी त्यांनी थेंब न ठेवता संपवली.

म्हणजे हल्ली वस्तादसुद्धा अर्धी वाटी तशीच सोडून उठत होते, नुसत्या मानाखातर. आम्ही कोल्हापूरची माणसं प्रेमसुद्धा दटावून करतो. नको म्हणणाऱ्याला नको नसतं असं धरून चालतो, आणि मग खरंच नको असलेल्याचीही बोटं भाजतात. मी तर जन्माची साक्षीदार आहे.

हळूहळू सगळ्यांना ते अंगवळणी पडलं. हात असला की कृष्णात थांबतो, हात निघाला की वाढतो, आणि पहिल्यांदा अर्धंच वगराळं. पुण्याची मंडळी आली की तोच त्यांना शिकवतो, "पावणं, हवं तर हात काढा, नगं तर ऱ्हाऊ द्या. रुसायचं न्हाई." रस्सा पूर्वीइतकाच मिळतो, कुणाला कमी पडत नाही. मागं येतो तो मात्र आता जेमतेम तांब्याभर. तेवढा टाकी मुकाट्यानं पचवते.

महिना संपायला पाच दिवस असताना शेगडीवर ज्योत परत निळी झाली. वृषभनं येऊन नळी तपासली, समाधानानं मान हलवली आणि टपरीवर चहाला गेला. टाकी उचलण्याचं आण्णांनी परत नाव काढलं नाही.

पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी शाळेत परीक्षा होती, मी दुपारीच मोकळी झाले. खानावळीत पोचले तेव्हा गिऱ्हाईक संपलं होतं आणि कामाची माणसं मागच्या फरशीवर जेवायला बसत होती. "बसा की बाई, आमच्यातच," आण्णा म्हणाले. मी तानाबाईच्या शेजारी मांडी घातली. शेगडीवर पातेल्यातून वाफ निघत होती. ती नुकतीच भांडी आटोपून उठली होती.

कृष्णात बादली घेऊन वाढायला आला. तानाबाईच्या वाटीत एकदा वाढून झालं होतं, तो परत तिच्यापाशी आला. तिनं सवयीनं वाटीवर हात धरला. ती रोजच धरायची म्हणे, सगळ्यांना पुरतंय का नाही म्हणून. आणि पुढं गिऱ्हाइकाचा हात मानायला लागला तरी इथं मागं आजवर तो रोज तिच्या बोटांतून ओतत आला होता.

तो थांबला. वगराळं बादलीत ठेवलं, बादली खाली टेकवली आणि तिच्या समोर उकिडवा बसला. बघत होता तो तिच्या हाताकडंच. ऊन पाण्यानं लालसर झालेला, भेगा मिटलेला हात. सत्तावीस वर्षं त्यानं वाट्यांवरचे हजारो हात बघितले असतील, हा एक राहून गेला होता.

"बरा झाला की गं," तो म्हणाला.

तानाबाई हसली. "बगितलासा एकदाचा," ती म्हणाली.

"वाढू?" त्यानं विचारलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती त्यांच्या, आणि हे त्यानं तिला पहिल्यांदाच विचारलं होतं, हे मला तिनंच नंतर सांगितलं.

तिनं वाटीवरचा हात काढला.

"वाढा," ती म्हणाली. "पुरं वाढा. भूक लागलीया मला."